संगणकावरच्या खोट्या पाट्या आणि आपण गृहिणी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



या जागेवर दरवर्षी शिकल्यासवरलेल्या भगिनी बोलतात. माझे शिक्षण सातवीपर्यंत, आणि पुढची वीस-बावीस वर्षे पोळपाटाशी गेली. तेव्हा बोलण्यात काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे. चिटणीसबाई मला म्हणाल्या होत्या, की उन्हाळी वाळवणांवर बोला. पण वाळवणे आपण सगळ्याच घालतो, त्यात मी नवीन काय सांगणार? म्हणून मी विषय निराळा मागून घेतला. संगणकावर किंवा मोबाईलवर आपण काही पाहत असताना मध्येच ज्या खोट्या पाट्या उसळी मारून वर येतात, ज्यांना मुले पॉप-अप म्हणतात, त्यांच्याविषयी मी बोलणार आहे.

हा पुरुषांचा प्रांत आहे असे काहींना वाटेल. परंतु आपल्या भाईंदर-मीरा रोडकडची घरे डोळ्यांसमोर आणा. पुरुषमाणूस सकाळी लोकलला लटकून मुंबईला जातो तो रात्री येतो. मुले कॉलेजात. दुपारी घरात संगणक असतो आणि आपण असतो. वीजबिल आपण भरतो, गावाकडच्या सासूबाईंना व्हिडिओवर नातू आपण दाखवतो, राहून गेलेला मालिकेचा भागही आपणच शोधतो. म्हणजे त्या पाटीची पहिली गाठ आपल्याशीच पडते.

आमच्या सोसायटीत एक काकू आहेत. नाव सांगत नाही, पण ही हकिगत त्यांच्या संमतीने सांगत आहे. त्या बारा बायकांची भिशी चालवतात, दरमहा प्रत्येकीचे तीन हजार. गेल्या वर्षी एका महिन्यात जिचा नंबर लागला ती गावी गेलेली, म्हणून छत्तीस हजार रुपये काकूंच्या खात्यात पडून होते. दुपारी त्यांनी मुलाचा जुना लॅपटॉप उघडला आणि मालिकेचा भाग फुकट दाखवणाऱ्या कुठल्याशा पानावर बोट ठेवले. एकदम सगळा पडदा लालभडक झाला. कर्कश भोंगा वाजू लागला, एक बाई इंग्रजीत मोठमोठ्याने बोलू लागली. वर मायक्रोसॉफ्ट कंपनीची चार चौकोनांची खूण, आणि खाली मजकूर, की तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे, बँकेची माहिती चोरीला जात आहे, संगणक बंद करू नका, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा. पाटी मिटवायला जावे तर मिटेना.

काकूंनी फोन केला. पलीकडचा मुलगा फार गोड बोलला. "आंटीजी, घबराइए मत, मैं हूँ ना," म्हणाला. मागे पुष्कळ जणांच्या बोलण्याची गजबज ऐकू येत होती, त्यामुळे काकूंना वाटले, मोठी कचेरी दिसते. त्याने त्यांच्याकडून एक प्रोग्राम संगणकात उतरवून घेतला. असा प्रोग्राम घेतला की दुसऱ्या गावी बसलेल्या माणसाला आपला पडदा दिसतो आणि तिथूनच आपला संगणक चालवता येतो. कचेऱ्यांतून लोक तो चांगल्या कामाला वापरतात, त्याच्यात स्वतःचा असा दोष काही नाही. पण परक्याला तो देणे म्हणजे घराच्या किल्ल्या देणे. मग त्या मुलाने काळ्या चौकटीत भराभर पळणारी अक्षरे दाखवली आणि हे सगळे विषाणू म्हणून सांगितले. सफाईची फी चारशे नव्व्याण्णव रुपये. काकू बँकेचे पान उघडून भरू लागल्या, तो तिकडून बघत होता. फोनवर आलेला ओटीपी त्याने विचारला, काकूंनी वाचून दाखवला. चारशे नव्व्याण्णवच्या जागी छत्तीस हजार गेले.

याच्या पुढचे मला जास्त लागले. काकू तीन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. स्वयंपाक केला, संकष्टीचा उपास केला, भिशीतल्या बायकांशी जिन्यात हसून बोलल्या. चौथ्या दिवशी सुनेच्या लक्षात आले, की सासूबाई जेवत नाहीत. तक्रार झाली, पण तोवर पैसे या खात्यातून त्या खात्यात असे फिरून कुठल्या कुठे निघून गेले होते. भिशीच्या बायकांनी मोठेपणा दाखवला. एक महिना आपण सगळ्याच सोडून देऊ, असे त्या म्हणाल्या. काकूंनी ते मानले नाही. त्या फराळाच्या आणि पुरणपोळीच्या ऑर्डरी घेऊन महिन्याला दोन हजार फेडत आहेत, अजून फिटलेले नाहीत.

आता तो लाल पडदा होता तरी काय? भगिनींनो, ते एक चित्र होते. नुसते चित्र आणि आवाज. काकूंच्या संगणकात त्या क्षणी विषाणू नव्हताच. कोणतेही इंटरनेटचे पान आपल्या संगणकाच्या पोटात शिरून विषाणू तपासू शकत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्याने तुमच्या स्वयंपाकघराकडे न बघताच "आग लागली" म्हणून ओरडावे, तसले ते. संगणक बिघडवून पैसे मिळत नाहीत. तुम्ही घाबरून फोन केलात तर मिळतात. म्हणून भोंगा, म्हणून लाल रंग, म्हणून "ताबडतोब". मायक्रोसॉफ्टने स्वतः लिहून ठेवले आहे, की आमच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधी नसतो. एवढी एक खूण ज्या बाईला ठाऊक आहे तिला इंग्रजी आले नाही तरी चालेल. पाटीवर फोन नंबर दिसला की पाटी खोटी.

असला पडदा आला तर करायचे काय, तेही मी दुरुस्तीला येणाऱ्या मुलाकडून वहीत उतरवून घेतले आहे. प्रथम आवाजाचे बटण बंद करावे, म्हणजे निम्मी भीती जाते. मग डाव्या कोपऱ्यातली एस्केपची कळ काही वेळ दाबून धरावी. पान सगळा पडदा व्यापून बसलेले असते ते बहुधा लहान होते, मग वरच्या फुलीने मिटते. न मिटले तर आल्ट आणि एफ-४ या दोन कळा एकदम. तेही न झाले तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या. चालू असलेल्या कामांची यादी येते, तीतून ब्राउझर, म्हणजे ज्यातून आपण इंटरनेट पाहतो तो प्रोग्राम, बंद करावा. आणि यांतले काहीच लक्षात राहिले नाही तर संगणक चालू करण्याचे बटण दहा सेकंद दाबून धरावे, तो बंद पडतो. "बंद करू नका" असे पाटी सांगते, तेव्हा बंदच करावा. पुन्हा चालू केल्यावर ब्राउझर विचारतो, मघाची पाने परत आणू का? नाही म्हणावे. नाहीतर तोच पाहुणा पुन्हा दारात.

या पाटीपलीकडे कोण बसलेले असते, याविषयी मला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण तो धागा आपल्याच गावात येऊन पोहोचतो.

आपल्यापैकी पुष्कळजणींना ऑक्टोबर २०१६ आठवत असेल. ४ ऑक्टोबरच्या रात्री ठाणे पोलिसांनी मीरा रोडच्या कॉल सेंटरांवर छापे घातले आणि सातशेहून अधिक तरुण मुलामुलींना ताब्यात घेतले. सत्तरजणांना अटक झाली, बाकी बहुतेकांना नोटिसा देऊन सोडले. तिथे रात्री काम चाले, कारण आपली रात्र तो अमेरिकेचा दिवस. ही मुले अमेरिकेतल्या लोकांना तिकडच्या प्राप्तिकर खात्याचे अधिकारी म्हणून फोन करीत. तुमचा कर थकला आहे, आत्ता भरला नाही तर पोलीस दारात येतील, असा दम देत आणि दुकानातून गिफ्ट कार्डे विकत घ्यायला लावून त्यांचे आकडे फोनवर वाचून घेत. म्हातारी माणसे, नवीन जाऊन राहिलेले परदेशी लोक, असे कितीतरी फसले. ज्याला पोलीस मुख्य सूत्रधार म्हणून शोधत होते तो एप्रिल २०१७ मध्ये मुंबईच्या विमानतळावर पकडला गेला. तिकडे अमेरिकेच्या सरकारने २७ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच धंद्याबद्दल ५६ माणसांवर आणि अहमदाबादच्या पाच कॉल सेंटरांवर आरोप ठेवले. फसलेल्यांची संख्या पंधरा हजारांच्या वर सांगितली गेली. २०१८ मध्ये तिथल्या कोर्टाने शिक्षा सुनावल्या, त्यांतली मोठ्यात मोठी वीस वर्षांची.

ते फोन होते, पाट्या नव्हत्या, असे कोणी म्हणेल. धंदा तोच आहे. आधी ते दार ठोठावत, आता पाटी लावून आपल्यालाच दार उघडायला लावतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ या नावाने देशात ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या. त्यांतली दोन प्रकरणे मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉन यांच्या तक्रारीवरून होती. कॉल सेंटरे चालवणारे लोक पडद्यावर सुरक्षेच्या खोट्या पाट्या पाठवत, तीत फुकट फोनचा क्रमांक देत, आणि फोन आला की दुरून संगणक ताब्यात घेऊन नसलेला बिघाड दाखवत. आमच्या काकूंची हकिगत हुबेहूब.

मीरा रोडच्या त्या मुलांबद्दल वर्तमानपत्रांत पुष्कळ छापून आले. मला त्यांच्या आया आठवतात. त्यांतली एकही माझ्या ओळखीची नाही, पण आपल्यासारख्याच असणार. बारावी झालेल्या मुलाला नोकरी लागली, इंग्रजी बोलतो, रात्रपाळी आहे, घ्यायला गाडी येते, म्हणून तिने देवापुढे पेढे ठेवले असतील. पहिल्या पगाराची साडी नेसून ती एखाद्या हळदीकुंकवालाही गेली असेल. मुलगा फोनवर नक्की काय बोलतो हे तिला कोणी सांगितले नाही, आणि विचारावे असे तिला वाटले नाही. मी त्या आयांना दोष देत नाही. पगार किती हे आपण विचारतो, काम काय हे विचारले तर मुले म्हणतात, आई, तुला कळणार नाही. इथे मी थोडी भांडखोर आहे. ज्या कामाचे वर्णन सातवी शिकलेल्या आईला मराठीत सांगता येत नाही, ते काम पुन्हा एकदा तपासून बघावे असे माझे मत आहे. न्यूयॉर्क टाइम्सने जानेवारी २०१७ मध्ये छापले होते, की या धंद्यात काम केलेल्या दोघा तरुणांनी आपण होऊन अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला फोन करून ही लबाडी कळवली. मला त्या मुलांच्या आयांना भेटायला आवडेल.

असो. लाल पडद्याचे झाले. आता रोजची बारीक कटकट.

पुष्कळजणींच्या संगणकावर किंवा फोनवर उजव्या कोपऱ्यात सारख्या छोट्या पाट्या येतात. तुमचा अँटिव्हायरस संपला, तुम्हाला बक्षीस लागले, तुमच्या फोनमध्ये पाच विषाणू सापडले. बायका म्हणतात, फोनला कीड लागली. बहुतेक वेळा कीड लागलेली नसते, आपणच परवानगी दिलेली असते. एखादे पान उघडताना ते विचारते, सूचना पाठवू का? आणि खाली दोन बटणे असतात, ‘अलाउ’ आणि ‘ब्लॉक’. कधी कधी पान अशी थापही मारते, की तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करायला ‘अलाउ’ दाबा. घाईत आपण दाबतो. त्या दिवसापासून त्या पानाला आपल्या दाराशी येऊन ओरडण्याचा परवाना मिळतो, मग आपण ते पान पुन्हा उघडो वा न उघडो. तो परवाना काढून घ्यायचा. क्रोम वापरीत असाल तर सेटिंग्ज, तिथे प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. ज्यांना परवानगी दिली त्यांची यादी दिसते. ओळखीचे नाही ते नाव काढून टाकावे. आमच्या जाऊबाईंच्या फोनमध्ये अशी एकोणीस नावे निघाली, त्यांतले एकही त्यांना ठाऊक नव्हते. काढल्यावर त्या म्हणाल्या, घरातून भाडेकरू गेल्यासारखे वाटले.

दुसरा प्रकार असा, की घरात खरा अँटिव्हायरस आहे आणि तोच दर पाच-दहा मिनिटांनी सांगतो, संशयास्पद जोडणी अडवली. हे वाचून भीती वाटते, पण तो आपले काम करीत आहे. प्रश्न असा आहे, की पुन्हा पुन्हा बाहेरच्या वाईट पत्त्याकडे जोडणी मागतो कोण? बाहेरचा चोर दारावर येत नाही, घरातलेच कोणीतरी त्याला हाक मारीत असते. बहुधा ते एखादे एक्स्टेंशन असते, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे शेपूट. फुकट पीडीएफ करून देणारे, फुकट व्हिडिओ उतरवून देणारे, रोजचे भविष्य सांगणारे. तांदळात किडे झाले की आपण काय करतो? सगळे डबे एकेक उघडून पाहतो. तसेच करायचे. एक्स्टेंशनच्या यादीत जाऊन सगळी बंद करावी. पाटी थांबली तर एकेक चालू करून बघावे. ज्याने पुन्हा पाटी आली तोच किडका डबा. त्याला नुसते बंद करू नये, काढून टाकावे. मग संगणकातल्या प्रोग्रामांची यादी तारखेप्रमाणे लावून बघावी, की कटकट सुरू झाली त्या सुमारास नवीन काय आले आहे. मुलांनी फुकट खेळ उतरवला की त्याच्या पदराला धरून आणखी दोन-तीन येतात, पिशवीबरोबर खडे यावे तसे. शेवटी अँटिव्हायरसकडून पूर्ण तपासणी करून घ्यावी. विंडोज १० आणि ११ मध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर आधीच असतो, त्याला वेगळे पैसे नाहीत. पण विंडोज १० ची नेहमीची मोफत डागडुजी १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आहे, म्हणून जुना संगणक असेल त्यांनी मुलांना एवढे जरूर विचारावे. भारत सरकारचेही सायबर स्वच्छता केंद्र फेब्रुवारी २०१७ पासून आहे, सफाईची साधने तिथे फुकट मिळतात.

सगळेच इशारे मात्र खोटे समजू नका. आमच्या घरच्या जुन्या संगणकावर एकदा कुठलेही पान उघडले की ब्राउझर सांगे, तुमची जोडणी खाजगी नाही. यजमान म्हणाले, हॅक झाला. दुरुस्तीवाल्या मुलाने आधी कोपऱ्यातले घड्याळ पाहिले. तारीख कित्येक वर्षे मागे गेली होती. संगणकाच्या आत नाण्याएवढा एक सेल असतो तो संपला होता. प्रत्येक पानाजवळ ओळखपत्र असते आणि त्यावर मुदत लिहिलेली असते. आपले घड्याळच चुकले की सगळी ओळखपत्रे मुदतीबाहेरची ठरतात. सेल बदलला, तारीख नीट केली, इशारा गेला. पण तारीख बरोबर असताना बँकेच्या पानावर असा इशारा आला तर पुढे जाऊ नये, मागे फिरावे. भाईंदरच्या मिठागरांत भरतीचे पाणी आत घेतात तेही बांध राखून, पाहिजे तेवढेच. पाणी नको म्हणून मिठागर चालत नाही आणि बांध फोडूनही चालत नाही.

पत्त्यापाशी दिसणाऱ्या कुलपाविषयी एक समजूत फार पसरली आहे, की कुलूप दिसले म्हणजे दुकान प्रामाणिक. तसे नाही. कुलपाचा अर्थ एवढाच, की तुमचे पाकीट वाटेत कोणी फोडून वाचणार नाही. पाकीट ज्याच्या घरी जाते तो साव आहे की चोर, हे कुलूप सांगत नाही. चोरालाही कुलूप फुकट मिळते. बहुधा म्हणूनच क्रोमने २०२३ मध्ये ती कुलपाची खूण काढून तिथे दुसरीच खूण ठेवली. त्यापेक्षा पत्त्यातले बँकेचे नाव अक्षर अक्षर वाचावे. आम्हा कमी शिकलेल्यांचा इथे फायदा आहे, कारण आम्ही तसेही अक्षर अक्षर लावूनच वाचतो.

या विषाणूंचा इतिहासही मोठा गमतीचा आहे. आपल्या घरगुती संगणकांच्या जातीत पसरलेला पहिला विषाणू १९८६ मधला, तो लाहोरच्या दोघा भावांनी लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की आमचा प्रोग्राम लोक चोरून वापरतात म्हणून केला. आणि त्यांनी त्यात स्वतःचे नाव, पत्ता व फोन नंबर घातला होता! जगभरातून लोकांचे फोन आले. म्हणजे फोन नंबराची पाटी पहिल्यापासूनचीच म्हणायची, फक्त तेव्हा पत्ता खरा होता. दोघे भाऊ आपल्याकडेही झाले. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलास काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात रेडिओ-कॅलक्युलेटर दुरुस्तीच्या कामाला लागले. त्यांनी धाकट्या भावाला, संजयला, संगणक शिकायला लावले. दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतले विषाणू काढायला संजयने प्रोग्राम लिहिले, त्यांतूनच १९९५ च्या सुमारास क्विक हील बाजारात आले. २०१६ मध्ये ती कंपनी शेअर बाजारात गेली. जाहिरात म्हणून सांगत नाही, मी स्वतः डिफेंडरच वापरते. पण शिक्षण अर्धे राहिले म्हणून हा विषय आपल्याला कळणारच नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी त्या थोरल्या भावाकडे बघावे.

मोबाईलचे थोडक्यात सांगते. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका येते किंवा वाहनाच्या दंडाचे चलन येते, आणि त्या फाईलच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतात. पत्रिका म्हणजे चित्र असते किंवा पीडीएफ असते. एपीके म्हणजे फोनमध्ये बसणारा प्रोग्राम. पत्रिकेला फोनमध्ये बसायचे कारण काय? तो प्रोग्राम बसला की आपले मेसेज वाचतो, ओटीपीसुद्धा. ओळखीच्या नंबरावरून आला तरी उघडू नये, कारण त्यांचा फोन आधीच चोराच्या हाती गेलेला असू शकतो. उघडण्यापूर्वी त्या घरी फोन करावा, लग्न आहे का विचारावे. खरेच असले तर आहेरही ठरवता येतो.

आणि पैसे गेले तर? इथे मी आमच्या काकूंच्या तीन दिवसांकडे पुन्हा येते. १९३० हा क्रमांक पाठ करा. पैशाची फसवणूक झाल्याबरोबर त्यावर फोन करायचा. तक्रार लगेच गेली तर ज्या खात्यात पैसे पोहोचले ते गोठवता येते, आणि तिथून पुढे सरकण्याच्या आत गाठले तर पैसे परत मिळण्याची आशा असते. एकेक तास महत्त्वाचा. दुसरा फोन बँकेला, खाते आणि कार्ड बंद करण्यासाठी. संगणकावर दुरून पाहण्याचा प्रोग्राम घेतला असेल तर आधी वायफाय बंद करावे, आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदलावे, त्याच संगणकावरून नव्हे. पाटीचा आणि आलेल्या मेसेजचा फोटो काढून ठेवावा. इंटरनेटवरही सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन इथे तक्रार करता येते. आपल्याकडे १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर वसई-विरार असे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय आहे, त्यामुळे तक्रारीच्या पाठपुराव्यासाठी ठाण्यापर्यंत जावे लागत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात एक गोष्ट लिहिली आहे ती बायकांना कोणी सांगत नाही. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, मधल्याच कोणाची आहे, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवले, तर तुमच्यावर काही बोजा नाही. उशीर केला तर थोडा बोजा येतो. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर कळवण्याच्या क्षणापर्यंतचे नुकसान आपले, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे दोन्ही बाजूंनी पाहिले तरी गप्प बसण्यात तोटाच आहे. काकूंना मी विचारले, तुम्ही बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, घरात सगळे म्हणतील, तुला कोणी सांगितले होते त्या यंत्राला हात लावायला. भगिनींनो, आपल्या घरी सुनेच्या, सासूच्या किंवा मुलीच्या हातून असे झाले, तर त्या रात्री हे वाक्य बोलू नका. पहिल्यांदा १९३० लावा. रागवायचेच असेल तर दुसऱ्या दिवशी रागवा.

माझी वही मी मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. त्यात बटणांची इंग्रजी नावे मराठीत लिहिली आहेत, ‘अलाउ’, ‘ब्लॉक’, ‘कॅन्सल’, ‘इन्स्टॉल’ अशी बारा, अर्थासकट. ज्यांना उतरवून घ्यायची असतील त्यांनी घ्यावी. चहा झाल्यावर दाराजवळच्या टेबलाशी आमच्या सोसायटीतल्या कॉलेजच्या दोन मुली बसणार आहेत. ज्यांच्या फोनवर त्या पाट्या येतात त्यांनी तिथे थांबावे, परवाने काढून टाकायला पाच मिनिटे लागतात. तुमचा पिन त्यांना सांगू नका, फोन स्वतःच उघडा, आणि त्या दाखवतील तिथे बोट तुमचे तुम्हीच ठेवा. ज्यांना चष्मा आहे त्यांनी पर्समधून काढून ठेवावा, अक्षरे फार बारीक असतात.